रक्त कमी आहे, पण कशाने?

घरातल्या कर्त्या पुरुषाचे रक्त कमी आहे असे डॉक्टरांनी सांगितले की आपल्याकडे काय होते? गूळ-शेंगदाणे येतात, बीट येते, मेडिकलवाल्याकडून शक्तीची बाटली येते. महिना-दोन महिने जातात. बाटली संपते, अशक्तपणा तसाच. मग सगळे म्हणतात, वय झाले.

बायामाणसांचे रक्त कमी असणे ही तर घरोघरची गोष्ट. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला, पुरुषांत २५ जणांना. पाळी, बाळंतपणे आणि सगळ्यांचे वाढून उरेल ते खाणे, ही स्त्रियांची कारणे आपल्याला ठाऊक आहेत. (शेवटच्या कारणावर अजून गोळी निघालेली नाही.) पण पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ च्या खाली गेले तर त्याला कारण असते आणि ते शोधावे लागते. मूळव्याध, पोटातला अल्सर, जंत, क्षय, मूत्रपिंडाचा विकार, यांपैकी काहीही निघू शकते. क्वचित एक कारण असे असते की ते कोणाच्या ध्यानीमनीही नसते. आज आम्ही लिहितो आहोत ते त्याविषयी.

फुफ्फुसावर पातळ अस्तर असते. त्या अस्तराच्या कर्करोगाला मेसोथेलिओमा म्हणतात. पोटातल्या अस्तरालाही तो होतो. त्याचे मुख्य कारण ॲस्बेस्टॉसची धूळ. ही गोष्ट दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींच्या भागातील रोग्यांवरून डॉक्टरांनी १९६० साली दाखवून दिली. ही धूळ आज छातीत गेली तर रोग बहुधा तीस-चाळीस वर्षांनी दिसतो. १९८५ साली धूळ खाल्लेला कामगार आज खोकतो आहे. तोवर कारखाना बंद होऊन त्या जागी टॉवर उभा राहिलेला असतो!

या रोगात रक्त वाहून जात नाही, तरी कमी होते. ते कसे? शरीराला दीर्घकाळ आतून दाह चालू असला की यकृत हेप्सिडिन नावाचे द्रव्य जास्त बनवते आणि ते शरीरातल्या लोहाला कुलूप घालते. गोदामात धान्याच्या थप्प्या, पण रेशनच्या दुकानात दाणा नाही, तसा हा प्रकार. म्हणून लोहाच्या गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही. त्यात भूक मेलेली. पुढे केमोथेरपीनेही रक्त उतरते. पेमेट्रेक्सेड हे औषध चालू असेल तर सोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी आणि बी-१२ चे इंजेक्शन चुकवू नये. ते टॉनिक नव्हे, उपचाराचाच भाग आहे.

नुसते रक्त कमी म्हणजे हा रोग, असे मात्र कोणी समजू नये. रोग दुर्मीळ आहे. पण रक्त कमी, त्यासोबत दम लागणे, एका बाजूला छाती दुखणे, वजन उतरणे, छातीत पाणी होणे असे असेल आणि माणसाने ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले असेल, तर ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. आपल्याकडे छातीत पाणी म्हटले की पहिला संशय क्षयाचा, आणि बहुतेक वेळा तो खराही असतो. पण औषधे नियमित घेऊनही पाणी पुन्हा भरत असेल तर सीटी स्कॅन आणि अस्तराचा तुकडा काढून तपासणी, याबद्दल आपण होऊन विचारावे.

मुंबईत घाटकोपर-मुलुंडला ॲस्बेस्टॉसचे कारखाने होते. पत्रे, पाइप, ब्रेक लायनिंग, बॉयलरवरची वेष्टणे, जहाजतोडणी, या सगळ्यांत ही धूळ होती. आम्ही कारकुनी करणारी माणसे, कागद जपायची सवय. आमच्या ओळखीच्या एका कामगाराने निवृत्तीनंतर ओळखपत्र, पगाराच्या पावत्या, सगळे रद्दीत घातले. पुढे छातीच्या दुखण्याने अर्ज करायची वेळ आली, तेव्हा कंपनी म्हणाली, हा माणूस आमच्याकडे होता याचा पुरावा काय? वास्तविक २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातला हक्क मानला. प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे उशिराचे असेल तोवर मालकाने ठेवावी, असा आदेशही दिला. कामामुळे होणाऱ्या रोगांच्या भरपाईच्या यादीत मेसोथेलिओमाचे नाव आहे. तेव्हा फंडाची पावती, ईएसआयचे कार्ड, जुने एक्स-रे पत्र्याच्या पेटीत नीट ठेवा.

आणि भगिनींनो, ही धूळ कामगाराच्या कपड्यांवरून घरी येते. ते कपडे झटकून धुणाऱ्या बायकांनाही हा रोग झाल्याची उदाहरणे जगभर आहेत. डॉक्टर विचारतात, बाई, काय काम करता? आपण सांगतो, घरकाम. त्यापुढे एवढे जोडावे, की मालकांचे कारखान्यातले कपडे मी इतकी वर्षे धुतले.