हॅकेथॉनला चाललास? मराठी घेऊन जा

सत्र सुरू झालं की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर रंगीत पोस्टरं लागतात. टेक फेस्ट, हॅकेथॉन, रोबो रेस, आयडिया पिचिंग. कोपऱ्यात क्यूआर कोड, खाली बक्षिसाचा आकडा. आपले कार्यक्रम त्या बोर्डावर कधीच नसतात, ते व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. १ नोव्हेंबरची काळ्या दिनाची फेरी, डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये अधिवेशन भरलं की आपला महामेळावा आणि त्याची नाकारलेली परवानगी, १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन, २७ फेब्रुवारीला मराठी दिन.

गेली तीन वर्षं मी दोन्हीकडं जातोय. दोन्हीकडं पोरं आपलीच असतात. पण फेरीत घसा बसेपर्यंत घोषणा देणारा माझा मित्र हॅकेथॉनच्या दारात शिरला की एकदम गप्प मराठी होतो. टीमचं नाव इंग्लिश, प्रेझेंटेशन इंग्लिश, विषय कुठल्या तरी अमेरिकन व्हिडिओतून उचललेला. आणि मराठी? ती बाहेर पार्किंगमध्ये, गाडीवरच्या स्टिकरवर.

या लेखात मला भांडायचं आहे ते याच्याशी. आधी आपल्याशी, मग बाकीच्यांशी.

गेल्या वर्षी आम्ही चौघं एका आंतरमहाविद्यालयीन हॅकेथॉनला गेलो. कॉलेजचं नाव घेत नाही. तिघं इंजिनिअरिंगचे, मी एकटा आर्ट्सचा, पॉलिटिकल सायन्सवाला. म्हणजे चहा आणणे आणि स्लाइडा लिहिणे हे माझं खातं. विषय मात्र माझ्या घरातून आला होता. आमच्याकडं ट्रंकेत पणजोबांच्या नावाचा जमिनीचा जुना मराठी कागद आहे, आणि हल्लीचा उतारा, म्हणजे पहाणी, कन्नडमध्ये. आजोबांना जुना वाचता येतो, नवा नाही. मला नवा अडखळत वाचता येतो. बँकेत गेलं की आजोबा तो कागद धरतात कसा, तर दुसऱ्याचं प्रिस्क्रिप्शन धरल्यासारखा.

आम्ही ठरवलं, पहाणीचा फोटो काढायचा आणि फोननं तो मराठीत वाचून दाखवायचा. चोवीस तासांत सगळं होणार नव्हतंच. पण नावं आणि गावं देवनागरीत आणणं सोपं निघालं, आणि ते का सोपं निघालं हे सांगायलाच हवं. युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड ही अक्षरं जवळपास एकाच क्रमानं मांडलेली आहेत, इस्की या जुन्या भारतीय मानकाच्या धर्तीवर. देवनागरी 'क' आणि कन्नड 'क' यांच्या क्रमांकांमधलं जे अंतर, तेच 'ख'चं, तेच 'ग'चं. एक ठरलेला आकडा मिळवला की अक्षर लिपी बदलतं. आमच्या टीममधल्या एकानं ते पाच-सहा ओळींत लिहिलं आणि रात्री दोन वाजता स्क्रीनवर आमच्या गावचं नाव कन्नडमधून मराठीत उमटलं. सत्तर वर्षं जे रस्त्यावर शेजारी नांदत नाहीत, ते मशीनच्या पोटात शेजारी निघाले. मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

सकाळी परीक्षक आले. तीन मिनिटं ऐकलं. एकानं विचारलं, हे वापरणार कोण? दुसरे म्हणाले, लोकल लँग्वेजचा विषय आहे, सेन्सिटिव्ह होतो, काहीतरी स्केलेबल करा. पहिलं बक्षीस कॅन्टीनच्या ऑर्डरी घेणाऱ्या चॅटबॉटला गेलं. त्या कॅन्टीनमध्ये मिळतात चहा, वडा आणि पुलाव.

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींहून जास्त आहेत. हिंदी आणि बंगालीनंतर देशात तिसऱ्या क्रमांकावर. हे 'स्केलेबल' नाही तर काय आहे? पण हे उत्तर मला तिथं सुचलं नाही, बसमध्ये सुचलं. आणि खरं सांगायचं तर परीक्षकांवरचा राग बस खानापूर रोडला लागेपर्यंत उतरला होता. कारण त्या हॉलमध्ये निम्मी पोरं मराठी घरातली होती, आणि मराठीचा विषय घेऊन आलेली आमची एकच टीम होती. शेकड्यांत एक टीम आली की ती चमत्कारिकच दिसते. दहा आल्या असत्या तर तो 'सेन्सिटिव्ह' राहिला नसता, एक गट झाला असता.

आता दुसरी बाजू. परत आल्यावर मी आपल्याच एका संस्थेत गेलो. म्हटलं, काका, एका रविवारी हॉल द्या, वीसेक पोरं लॅपटॉप घेऊन बसतील, सीमाभागातल्या गावांची मराठी नावं डिजिटल नकाशावर भरू. काकांनी शांतपणे ऐकलं. या माणसानं १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात मार खाल्लाय, त्यामुळं मी आवाज चढवू शकत नव्हतो आणि चढवणारही नाही. ते म्हणाले, 'बाळ, ते कॉम्प्युटरचं तुमचं करिअरचं बघा की. इथं भाषेचं काम चालतं. आधी फेरीला पोरं आण.' मग हॉलमध्ये त्या रविवारी काय झालं? एक व्याख्यान. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय. पाहुणे पुण्याहून आले आणि सीमाप्रश्न आम्हालाच समजावून गेले.

कॉम्प्युटर म्हणजे करिअर आणि भाषा म्हणजे मोर्चा, ही वाटणी आपल्याला बुडवणार आहे. आणि ती वाटणी समोरच्यांनी केलेली नाही.

समोरच्यांनी काय केलं ते बघा. के. पी. राव यांनी कन्नडसाठी कीबोर्डची मांडणी बसवली. कन्नड गणक परिषदेनं 'नुडी' हे सॉफ्टवेअर तयार केलं आणि कर्नाटक सरकारनं ते आपल्या कार्यालयांत आणलं. 'भूमी' प्रकल्पात ६७ लाख शेतकऱ्यांचे सुमारे २ कोटी उतारे कॉम्प्युटरवर चढले आणि हातानं लिहिलेला उतारा बाद झाला. त्यात माझ्या आजोबांचा उताराही आला. बोर्डाला काळं फासणारे टीव्हीवर दिसतात. पण माझ्या घरात कन्नड आणली ती त्यांनी नाही, ती आणली नुडीनं आणि भूमीनं, एका प्रिंटरमधून, कुणाला एक दगडही न मारता. मी याबद्दल त्यांना शिव्या देत नाही. आपल्या भाषेसाठी त्यांनी जे करायला हवं ते केलं. आपण त्या वीस-पंचवीस वर्षांत किती बोर्ड मोजले आणि किती कीबोर्ड बसवले?

आम्हाला अभ्यासाला बेनेडिक्ट अँडरसन आहे. त्याच्या 'इमॅजिन्ड कम्युनिटीज'च्या १९९१ च्या आवृत्तीत जनगणना, नकाशा आणि संग्रहालय यांच्यावर एक नवीन प्रकरण आलं. सत्ता लोकांना मोजते कशी, कागदावर बसवते कशी, त्याबद्दल. वर्गात सर ते जावा बेटांवर शिकवत होते आणि मी खिडकीतून येळ्ळूरच्या दिशेला बघत होतो. २०१४ साली तिथला 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक पाडला, त्यानंतर पोलिसांनी घरात घुसून माणसं मारली. फलकासाठी ती माणसं उभी राहिली, त्यांना माझा सलाम आहे. पण त्याच येळ्ळूरचं नाव आज ज्या नकाशांत शोधलं जातं, ते नकाशे फलकाच्या दगडात नसतात.

ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक मोफत नकाशा आहे. २००४ साली सुरू झाला. म्हणजे ज्या वर्षी महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाचा दावा दाखल केला, त्याच वर्षी. त्यात प्रत्येक गावाला अनेक भाषांत नाव देता येतं. कन्नडचा रकाना वेगळा, मराठीचा वेगळा. मराठीचा रकाना भरायला कुणाची परवानगी लागत नाही, जमावबंदी तिथं लागू होत नाही, आणि तो भरल्यामुळं कन्नड नाव पुसलंही जात नाही. महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांवर आहे. एका गावाला नाव नीट तपासून भरायला पाच मिनिटं धरा. वीस पोरं, एक रविवार. मूळ नावाच्या रकान्यात खोडाखोड करायची नाही, हा नियम मात्र पाळायचा. दुसऱ्याचं नाव पुसणं आपल्याला किती लागलंय ते आपल्याला माहीत आहे.

अशा कार्यक्रमाला मॅपेथॉन म्हणतात आणि जगभर विद्यार्थी ते करतात. त्याला कोडिंग लागत नाही. बीए, बीकॉमवाल्यांनी कान टवकारावेत. गावची पाणंद, मारुतीचं देऊळ, तळं, मराठी शाळा हे ज्याला ठाऊक तो तिथला तज्ज्ञ.

दुसरं काम आवाजाचं. माझी आजी फोनला विचारते, 'उचगावला आता बस हाय की न्हाई?' फोन काहीतरी भलतंच लिहितो. तीच गोष्ट मी पुण्याच्या बातम्यांच्या मराठीत विचारली की फोनला समजते. म्हणजे फोनला मराठी येते, आपली येत नाही. कारण साधं आहे. मशीन ऐकलेलं शिकतं, आणि आपल्याला त्यानं फारसं ऐकलेलंच नाही. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या प्रकल्पात मराठी आहे. पडद्यावर वाक्य येतं, ते वाचून रेकॉर्ड करायचं, दुसऱ्यांनी वाचलेलं ऐकून बरोबर की चूक सांगायचं. ही रेकॉर्डिंगं सगळ्यांना खुली असतात, कंपन्यांनाही, हे आधी समजून घ्या आणि मगच आवाज द्या. बेळगाव, निपाणी, भालकी, कारवार, प्रत्येक ठिकाणचा हेल वेगळा. आपल्याला पुण्यात गेल्यावर 'तू कानडी आहेस का' म्हणून हसतात ना, तोच हेल तिथं कामाचा आहे.

आणि येत्या सत्रात मोठी दारंही उघडी आहेत. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनची आधी कॉलेजपातळीवर फेरी होते. सहा जणांचा संघ, त्यात किमान एक मुलगी. (आपल्या संघटनांच्या व्यासपीठावर हा नियम कधी येणार, हा वेगळा लेख आहे.) ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट असतो, त्यात खुल्या सॉफ्टवेअरला हातभार लावायचा, आणि चांगली भाषांतरं हाही हातभारच असतो. इंजिनिअरिंग कॉलेजांचं राज्यव्यापी विद्यापीठ, व्हीटीयू, १९९८ पासून आपल्याच शहरात आहे. तिथले कार्यक्रम आपल्या घरापासून बसच्या एका तिकिटावर आहेत.

काही जण म्हणतील, नकाशात नावं भरून सीमाप्रश्न सुटतो काय? नाही सुटत. तो कोर्टात आहे आणि रस्त्यावरही राहायला हवा, १ नोव्हेंबरला मी फेरीत असणारच. पण निकाल उद्या लागला किंवा आणखी वीस वर्षांनी, तोवर रोजचं जगणं ज्या पडद्यावर चालतं तिथं मराठी नसेल तर निकालाच्या दिवशी ती वाचणारं कोण उरेल? जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे संरक्षण कागदावर जुनंच आहे. राज्यघटनेचं कलम २९ आपली भाषा आणि लिपी जपायचा हक्क देतं. जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देताना आपण ही कलमं पाठ म्हणून दाखवतो. निवेदनासोबत एक चालू नमुना दिला तर? हा तुमचा अर्ज, हा त्याचा मराठी अवतार, आमच्या पोरांनी केलाय, वापरा. नाही म्हणायला त्यांना कारण शोधावं लागेल.

दुसरा आक्षेप मित्रांकडून येतो. भावा, नोकरी इंग्लिशवर मिळते. बरोबर आहे, बायोडेटा इंग्लिशमध्येच लिही. पण पन्नासाव्या चॅटबॉटपेक्षा दोन लिप्या एकमेकींत वाचणारं काम मुलाखतीत जास्त वेळ बोलायला देतं. आमच्या टीममधल्या एकाला नेमकं त्याच्यावरच प्रश्न विचारले गेले, हे मी डोळ्यांनी बघितलेलं उदाहरण आहे. आणि आपल्याला कन्नड येतं, हे लपवायचं कशाला? घरात मराठी, बाजारात कन्नड, वर्गात इंग्लिश, टीव्हीवर हिंदी. मुंबई-पुण्याच्या पोरांकडं हे नाही.

संस्थांना एकच मागणं आहे. वर्षातल्या व्याख्यानांपैकी दोन रद्द करा आणि ते दोन रविवार आम्हाला द्या. शाल नको, वायफाय द्या. गणपती मंडळांनाही सांगतो, तुमच्या खोलीत वीज आहे, सतरंजी आहे, वीस माणसं मावतात. अनंत चतुर्दशीनंतर ती खोली वर्षभर कुलपातच असते.

काकांना मी परत भेटलो. या वेळी लॅपटॉप घेऊन. त्यांच्या गावचं नाव नकाशात शोधून दाखवलं, मराठीचा रकाना रिकामा होता. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, 'ळ' आहे तिथं, 'ल' लिहू नको. मी त्यांच्यासमोर टाइप केलं. हॉलचं अजून नक्की नाही, कमिटीत विचारतो म्हणालेत.

तोवर दिवाळीच्या सुट्टीतल्या पहिल्या रविवारी आमच्या गावच्या वाचनालयात आम्ही सात जण बसणार आहोत. सात जणांत लॅपटॉप दोन. तुमच्या गावात बसणार असाल तर आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून वाड्या-वस्त्यांची, पाणंदींची नावं वहीत लिहून आणा, नंतर ती सापडत नाहीत. आणि एक्स्टेंशन बोर्ड विसरू नका, वाचनालयात प्लग एकच असतो.