युधिष्ठिराचा कुत्रा आणि आमचा स्वर्ग

महाभारत न वाचता महाभारताचा दाखला देणे हा मराठी ललित लेखकाचा जन्मसिद्ध हक्क आहे, असे आम्ही वर्गात थट्टेने म्हणत आलो आहोत. हा हक्क आम्हीही बजावला आहे, हे कबूल करायला मात्र बराच वेळ लागला.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत आम्ही तिघे सहकारी मोटारीने जैसलमेरला गेलो. बरोबर खंड्या होता. खंड्या म्हणजे पक्षी नव्हे, आमच्यापैकी एकाचा गावठी कुत्रा. राष्ट्रीय मरू उद्यानाच्या सुदासरी भागात जायचे आणि माळढोक पाहायचा, एवढाच बेत. चौकीवरच्या वनरक्षकाने गाडीत डोकावून पाहिले आणि कुत्रा आत जाणार नाही, असे शांतपणे सांगितले. आम्ही पट्टा दाखवला, लसीकरणाचे कार्ड दाखवले, शेवटी आपण प्राध्यापक असल्याचेही सांगितले. (हे शेवटचे आजवर कुठल्याच चौकीवर उपयोगी पडलेले नाही.) अखेर एकजण खंड्याजवळ बाहेर थांबला आणि दोघे आत गेले.

परतल्यावर आत गेलेल्या दोघांपैकी एकाने लेख लिहिला. महाविद्यालयाच्या वार्षिकात तो छापून आला आणि स्टाफरूममध्ये त्याचे कौतुक झाले. कौतुक करणाऱ्यांत उरलेले दोघेही होते. लेखाचा आशय असा: धर्मराजाने आपल्या कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला, आणि इथे, जिथे क्षितिजापर्यंत काहीही नाही अशा ओसाड वाळवंटाच्या दारावर, एका मुक्या जिवाला अडवले जाते. दत्ताच्या पायाशी बसलेले चार श्वान आणि कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव हेही त्यात ओघाने येऊन गेले. आमचे प्रस्तुत लेखन त्या लेखाविरुद्ध आहे. तो लिहिणारा या ‘आम्ही’मध्ये आहेच.

आधी युधिष्ठिराचे पाहू. महाप्रस्थानिक पर्वात पाच भाऊ, द्रौपदी आणि सातवा कुत्रा असे हस्तिनापुराहून निघतात. तो कुत्रा कोणी पाळलेला नाही, कोणी बांधून नेलेला नाही. तो आपण होऊन मागे लागलेला आहे. हिमालय ओलांडल्यावर त्यांना वाळूचा समुद्र दिसतो, व्यासांचा शब्द ‘वालुकार्णव’, आणि त्यापलीकडे मेरू. म्हणजे कुत्र्यासह मरुभूमीचे दर्शन घेणारे आम्ही पहिले नव्हेत. पुढे एकेक जण पडत जातो. इंद्र रथ घेऊन येतो तेव्हा युधिष्ठिर कुत्र्याला बरोबर नेण्याची विनंती करतो. इंद्र नकार देतो. आता नीट वाचावे. युधिष्ठिर इंद्राच्या नियमाला जुलमी म्हणत नाही, कुत्र्याला रथात लपवत नाही, कुत्र्याला बाहेर ठेवून आपण आत जाऊन मग निषेधाचा लेख लिहीत नाही. आपल्या आश्रयाला आलेल्याला टाकणे हे पाप आहे, तेव्हा मीच येत नाही, एवढेच तो म्हणतो. कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, हे त्याला नंतर कळते. निर्णय घेताना त्याच्यासमोर फक्त कुत्रा होता. या प्रसंगाची किंमत त्याने सोडलेल्या स्वर्गात आहे. आम्हाला कुत्राही हवा होता आणि स्वर्गही हवा होता, आणि वर धर्मराज म्हणवूनही घ्यायचे होते. त्या दिवशी आमच्यात युधिष्ठिर असलाच तर तो चौकीबाहेर, बाटलीच्या झाकणातून खंड्याला पाणी पाजत बसला होता. त्याने लेख लिहिला नाही.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि ती आमच्या पेशाला अधिक झोंबणारी. ‘जिथे काहीही नाही’ हे आम्ही कशावरून लिहिले? मराठीत ‘वाळवंट’ या शब्दाला दोन संसार आहेत. चंद्रभागेचे वाळवंट म्हणजे दिंड्या, टाळ, गर्दी. आणि ‘आयुष्याचे वाळवंट’ म्हणजे शून्य, ओलावा नसलेले काहीतरी. पहिला अर्थ आम्ही संतसाहित्याच्या तासाला शिकवतो, दुसरा नवकवितेच्या. दोन्ही एकत्र ठेवून पाहण्याचे कधी सुचले नाही. थरात उतरताना आमच्या डोक्यात फक्त दुसरा होता. ‘ओसाड’, ‘रखरखीत’, ‘वैराण’, ‘पडीक’ ही विशेषणे आमची निरीक्षणे नव्हती; ती पाठ्यपुस्तकातून बरोबर नेलेली शिदोरी होती. प्रत्यक्षात या उद्यानात वाळूच्या टेकड्यांचा भाग थोडाच आहे. बाकी सेवण गवताची माळराने, खडकाळ पठार, केराची झुडपे, खेजडीची झाडे. खेजडी म्हणजे आपली शमी, पांडवांनी शस्त्रे ठेवली ती. महाभारत तिथे खरोखरच हजर होते, फक्त आम्ही ते चुकीच्या पानावर शोधत होतो. गावे आणि ढाण्या आहेत, मेंढ्या आहेत, चिंकारा आहेत. 3,162 चौरस किलोमीटरांच्या या प्रदेशाला 1980 साली संरक्षण मिळाले ते त्याच्या रितेपणासाठी नव्हे.

आणि तिथे माळढोक आहे. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात. नर 15 किलोपर्यंत भरतो. उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी हा एक. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरटे म्हणावे असे काही न करता. सुमारे महिनाभर ती एकटी ते उबवते. जवळून कुत्रे गेले की ती उठते, आणि ती उठली की अंडे कावळ्याचे किंवा कोल्ह्याचे होते. कुत्र्याने काही करावे लागत नाही. त्याने तिथे असणे पुरेसे आहे. करणारी कुत्रीही आहेतच. जनावरांच्या सांगाड्यांवर आणि पर्यटकांच्या उष्ट्यावर वाढलेल्या त्यांच्या टोळ्या चिंकाऱ्यांचा पाठलाग करतात. रोगाचा प्रश्न वेगळाच. 2018 साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह थोड्याच दिवसांत मेले, तेव्हा त्यांतल्या अनेकांच्या शरीरात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता, कुत्र्यांमध्ये सर्रास आढळणारा. खंड्याचे कार्ड पूर्ण होते हे खरे, पण वनरक्षकाने प्रत्येक गाडीतल्या प्रत्येक कार्डावर विश्वास ठेवावा, ही अपेक्षा आपण विद्यार्थ्यांच्या वैद्यकीय दाखल्यांबाबत तरी बाळगतो का?

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. माळढोक मरतो तो मुख्यतः विजेच्या तारांना धडकून. या जड पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि ऐनवेळी वळताही येत नाही. तारा भूमिगत कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दिला. 2024 मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. एवढ्या मोठ्या कंपन्यांना वाट मोकळी आणि कुत्र्याला मज्जाव, हा कुठला न्याय? पण त्या तारा तिथे पोचल्या कशाच्या बळावर, हेही विचारायला हवे. जमिनीला सरकारदरबारी ‘पडीक’ म्हटले की तिच्यावर काहीही उभे करता येते. तो शब्द कचेरीत जन्मला असेल; त्याला भावनेचा रंग देण्याचे काम ललित गद्याने केले आहे, आणि त्यात आमचेही दोन परिच्छेद आहेत.

हे सारे दूर राजस्थानात घडते असे मानून सुटका नाही. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979 सालचे. कागदावर ते 8,496 चौरस किलोमीटर होते. पुढे 1,222 वर आणले गेले. आज तिथे एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. आमच्यापैकी एकाचे बालपण त्याच जिल्ह्यातले. त्याच्या घरी पश्चिमेकडच्या माळाला ‘तिकडं काय नाही’ असेच म्हणत. आजोबांना त्या ‘काय नाही’मध्ये माळढोक दिसत असत, नातवाला पहिला माळढोक पाहायला जैसलमेर गाठावे लागले. (आत गेलेल्या दोघांना तो दिसला, दुर्बिणीतून, दूरवर, गवतात मान वर काढून चालणारा. छापलेल्या लेखात त्याला दीड ओळ मिळाली आणि खंड्याला चार पाने.)

खंड्या आता म्हातारा झाला आहे आणि मोटारीत बसायला कुरकुरतो. येत्या हिवाळ्यात पुन्हा जायचे ठरते आहे. तो घरी राहील, हे नक्की. त्याच्याजवळ कोणी थांबायचे यावर मात्र आमचे एकमत नाही; मागच्या वेळी बाहेर थांबलेला म्हणतो की यंदा पाळी लेखकाची आहे.