चुना कोणाला लावताय?

परवा अभ्यासवर्गात केमिकल इंजिनिअरिंगच्या एका मुलाने हायड्रोजनचा विषय काढला, तर आपलेच दोघेतिघे म्हणाले, "हा चळवळीचा विषय नाही." कुणी ठरवलं? १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा देशाच्या वीजधोरणाचं काम त्यांच्याकडेच होतं. त्यांनी ते इंजिनिअरांवर सोडून दिलं नाही.

तर मित्रांनो, विषय समजून घ्या. नैसर्गिक वायूतल्या मिथेनची वाफेशी क्रिया करून हायड्रोजन काढतात. किलोभर हायड्रोजनमागे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. नव्या पद्धतीत त्याच रिॲक्टरमध्ये कळीचा चुना घालतात. ६००-६५० अंश सेल्सिअसला चुना तो वायू शोषतो, त्याची चुनखडी होते, आणि ९५ टक्क्यांच्या आसपास शुद्ध हायड्रोजन बाहेर येतो. चुनखडी ९०० अंशांच्या आसपास तापवली की चुना पुन्हा मोकळा आणि कार्बन डायऑक्साइड वेगळा. विज्ञान चोख आहे. त्याला नावं ठेवणं हा अडाणीपणा होईल.

माझं भांडण "पकडला" या शब्दाशी आहे. अहो, युरियाचे कारखाने हा वायू कित्येक वर्षं पकडतायत! अमोनिया बनवताना निघालेला कार्बन डायऑक्साइड ते युरियात घालतात. युरिया शेतात पडतो, मातीत विघटन होतं, वायू परत हवेत. पकडला होता? होता. कमी झाला? नाही. जमिनीखाली कायमचा गाडणार असाल तर कुठे, आणि गळतीवर लक्ष कोण ठेवणार, ते सांगा. विहिरीपासून कारखान्यापर्यंत गळणारं मिथेनही हिशेबात धरा. आणि ९०० अंशांची उष्णता कशातून आणणार? तिथे साध्या हवेत गॅस जाळून त्याचा धूर चिमणीतून सोडला, तर एका हाताने पकडलं, दुसऱ्याने सोडलं.

शिवाय चुना दमतो. दर फेरीला त्याची शोषण्याची ताकद घटते, ताजी चुनखडी घालावी लागते. ती आकाशातून पडत नाही, खाणीतून येते. दगड फोडणारे हात पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जातींचे आहेत, हे समाजशास्त्राची एमए न करताही कळतं. "स्वच्छ इंधना"च्या जाहिरातीत त्यांच्या छातीत जाणारी धूळ दिसत नाही. आणि म्हणे हा चळवळीचा विषय नाही!

पुढच्या रविवारी तो मुलगा एका किलोचा पूर्ण हिशेब फळ्यावर मांडणार आहे. वही घेऊन या.