घरी बनवलेला व्हेप का फुटतो? आतलं सर्किट आणि भारतातला कायदा, दोन्ही समजून घ्या

सप्टेंबर २०२५ मध्ये एका हौशी तंत्रज्ञाने वापरून फेकलेल्या व्हेपमधली चिप काढली आणि तिच्यावर चक्क वेबसाईट चालवून दाखवली. चिप केवढी? वेग २४ मेगाहर्ट्झ, मेमरी २४ केबी आणि रॅम फक्त ३ केबी. आजच्या मोबाईलसमोर काहीच नाही, पण आठवडाभर ओढून कचऱ्यात टाकायच्या वस्तूत ती होती, म्हणून जगभर चर्चा झाली.

असे व्हेप खोलून दाखवणारे व्हिडिओ सोशल मीडियावर भरपूर आहेत. त्यांच्या शेजारीच दुसरे दिसतात, ‘घरच्या घरी व्हेप बनवा’ वाले. एक सेल, थोडी तार, एक बटण आणि झालं. बघताना वाटतं, एवढं तर आपणही करू. इथेच खरी गडबड आहे. कारण व्हेपमध्ये धूर काढणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड आहे ते वेळेवर बंद होणं.

आधी आत काय असतं ते बघू. लिथियम-आयन बॅटरी, तारेची छोटी कॉइल आणि तिला गुंडाळलेला, लिक्विडमध्ये भिजलेला कापूस. बॅटरीतून करंट गेला की कॉइल तापते आणि लिक्विडची वाफ होते. तत्त्व इस्त्रीचं किंवा टोस्टरचंच. साध्या डिस्पोजेबल व्हेपला बटणही नसतं. त्यात माईकसारखी दिसणारी एक बारीक डबी असते. तुम्ही ओढलं की आतला पडदा हलतो, डबीतल्या चिपला ते कळतं आणि ती कॉइल चालू करते. तीच चिप काही सेकंदांनी करंट तोडते आणि बॅटरी फार उतरली की नकार देते.

घरगुती व्हेप हा प्रकार मात्र जुना आहे. २००८ च्या आसपास ब्रिटन-अमेरिकेत सुरुवातीच्या ई-सिगारेटची बॅटरी लोकांना पुरेना. मग कुणी टॉर्चच्या नळीत मोठा सेल बसवला, कुणी पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत. याला ‘मॉड’ म्हणायला लागले. त्यातला सगळ्यात साधा प्रकार म्हणजे मेकॅनिकल मॉड. धातूची नळी, आत सेल, खाली बटण, वर कॉइल. चिप नाही, फ्यूज नाही. बटण दाबलं की सेल थेट कॉइलला जोडला जातो.

आता शाळेतला ओहमचा नियम आठवा. पूर्ण चार्ज झालेला लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्ट देतो. कॉइलचा रोध १ ओहम असेल तर करंट ४.२ अँपिअर. पण जास्त वाफेसाठी लोक ०.२ ओहमची कॉइल बनवतात. ४.२ भागिले ०.२, म्हणजे २१ अँपिअर आणि जवळपास ८८ वॅट. आपल्याकडचं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. त्याच्या तिपटीहून जास्त ताकद, तीही तोंडाला लावलेल्या नळीत!

आणि सेल कुठला? बहुतेक वेळा १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत, टॉर्चमध्ये, पॉवर बँकेत असतो तोच. लॅपटॉपमधला सेल संथपणे, तासन्‌तास करंट द्यायला बनवलेला असतो. त्याच्याकडून २१ अँपिअर ओढले की तो आतून तापतो. एका मर्यादेपलीकडे आतल्या रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता वाढवत जातात, मग बटण सोडूनही उपयोग नाही. वायू तयार होतो आणि नळीला पुरेशी भोकं नसतील तर त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. या सेलचं वरचं टोक सोडलं तर अख्खं धातूचं आवरण ऋण टोक असतं. दोघांना वेगळं ठेवतं ते फक्त वरचं प्लास्टिकचं पातळ वेष्टन. ते फाटलं किंवा सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर ठेवला, तर थेट शॉर्ट. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये इशाराच दिला होता, सुटे १८६५० सेल विकत घेऊ नका.

ही भीती नुसती कागदावरची नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ मधल्या ई-सिगारेट पेटण्या-फुटण्याच्या १९५ घटना मोजल्या. त्यांत १३३ जण जखमी झाले, ३८ गंभीर. मे २०१८ मध्ये फ्लोरिडात एका ३८ वर्षांच्या माणसाचा व्हेप फुटून मृत्यू झाला, तुकडे डोक्यात घुसले होते. जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासमध्ये २४ वर्षांच्या तरुणाच्या मानेतली रक्तवाहिनी तुटली. फ्लोरिडातला व्हेप तर घरी बनवलेला नव्हता, कंपनीचा होता.

म्हणून पुढे चिपवाले मॉड आले. ते आधी कॉइलचा रोध मोजतात, फार कमी असेल तर चालूच होत नाहीत. शॉर्ट ओळखतात, आठ-दहा सेकंदांत बंद होतात. घरातल्या एमसीबीचं काम समजा. रीलमधल्या ‘सोप्या’ व्हेपमध्ये नेमकं हेच गाळलेलं असतं.

आता कायदा. भारतात १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि नंतर त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटवर बंदी आहे. बहुतेकांना वाटतं, बंदी विक्रीवर आहे, आपण स्वतःसाठी बनवली तर काय बिघडलं? तसं नाही. कायद्यातल्या ‘उत्पादन’ या शब्दात ई-सिगारेट किंवा तिचा कुठलाही भाग बनवणं आणि जोडणं, दोन्ही येतं. कारखाना असायची गरज नाही. लिक्विडमध्ये निकोटीन नसलं तरी व्याख्या लागू होते. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. जाहिरातही या बंदीत येते, त्यामुळे ‘लिंक बायोमध्ये’ लिहिणाऱ्यांनी जरा जपून.

राहिला चिप आणि बॅटरीचा मोह. तो समजण्यासारखा आहे. डिस्पोजेबल व्हेपमधली बॅटरी खरंतर रिचार्जेबलच असते. लंडन आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की ती साडेचारशेहून जास्त वेळा चार्ज होऊ शकते. एवढी चांगली वस्तू एकदा वापरून फेकणं हा मूर्खपणाच, ब्रिटनने १ जून २०२५ पासून असे व्हेप विकायला बंदी घातली त्याचं हे एक कारण. पण चेपलेला किंवा फुगलेला सेल पकडीने ओढून काढायला जाऊ नका. टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. घंटागाडीत टाकला तर कचरा दाबताना तो पेटू शकतो. इलेक्ट्रॉनिक्सच शिकायचं असेल तर नवा, संरक्षक सर्किट असलेला सेल आणि एक एलईडी टॉर्च घ्या. ओहमचा नियम तिथेही तोच आहे.