किनाऱ्यावर सगळे असतात, पण लक्ष कोणाचे?

शाळांच्या परीक्षा संपल्या की कोकणाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. आजी-आजोबा, काका-काकू, आत्या आणि मुलांची पलटण असे पंधरा-वीस जण निघतात. मुरूड, गुहागर, गणपतीपुळे नाहीतर तारकर्ली. आंबे, वाळूतले किल्ले आणि लाटांत मनसोक्त भिजणे. मुलांच्या मनात ही सुट्टी आयुष्यभर घर करून राहते. ती बंद करा, असे कोणताही डॉक्टर सांगणार नाही. त्यातली एक सवय मात्र बदलायला हवी.

ती सवय म्हणजे ‘सगळे आहेत ना!’ हा भरवसा. बाबा फोटो काढत असतात. त्यांना वाटते आई बघते आहे. आई धाकट्याचे कपडे बदलत असते. तिला वाटते काका पाण्यातच आहेत. काका मोठ्या मुलांबरोबर पुढे गेलेले असतात. माणसे वीस असतात, पण चार वर्षांच्या मुलावर एकाचीही नजर नसते.

बुडणारे मूल ओरडते, हात हलवते, हा सिनेमाने करून दिलेला समज आहे. श्वासासाठी धडपडणाऱ्या मुलाच्या तोंडून हाक निघत नाही. मिनिटभरात, काहीही आवाज न होता ते पाण्याखाली जाऊ शकते. मोठ्यांना गुडघाभर असलेले पाणी दोन वर्षांच्या मुलाच्या जवळजवळ छातीला लागते. परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते, मूल पडते आणि त्याला उठता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख लोक बुडून मृत्युमुखी पडले. त्यांतली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती.

यावर उपाय बिनखर्चाचा आहे. मुले पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने फक्त बघण्याचे काम करायचे. पंधरा मिनिटांची पाळी. त्या वेळात मोबाईल नाही, गप्पा नाहीत आणि मद्य घेतलेल्याकडे पाळी नाही. ‘आता तू बघ’ असे सांगून समोरच्याने ‘हो’ म्हटल्यावरच जागा सोडायची. पाच वर्षांखालचे मूल मात्र कायम मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर हवे. हवा भरलेली ट्यूब हे खेळणे आहे. वारा तिला मुलासकट आत नेऊ शकतो.

समुद्राचीही माहिती हवी. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे काल सकाळी सुरक्षित वाटलेली जागा आज तशी असेलच असे नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते. गणपतीपुळ्यासारख्या किनाऱ्यावर पाणी चार पावलांत खोल होते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. त्याआधीच मच्छीमार होड्या वर ओढू लागतात. ज्या समुद्राला कोळी मान देतो, त्यात आपण नातवंडे सोडायची का? स्थानिक माणूस ‘आज नको’ म्हणाला, तर तो शेवटचा शब्द मानावा.

दुर्घटना घडलीच तर मुलाला उलटे टांगू नये, पोट दाबून पाणी काढत बसू नये. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास चालू नसेल तर मुलाला पाठीवर झोपवून तोंडाने पाच श्वास द्यावेत. तरीही ते हालचाल करीत नसेल, तर छातीवर ३० दाब आणि दोन श्वास असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. दुसऱ्याने लगेच १०८ ला फोन करावा. मूल शुद्धीवर आले तरी रुग्णालयात न्यावेच. फुप्फुसांचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

किनाऱ्यावर प्रशिक्षित जीवरक्षक आणि भरतीच्या वेळांचा ठळक फलक हवा, ही मागणी पर्यटकांनीही लावून धरायला हवी. पर्यटनावर गाव चालत असेल, तर हा खर्च टाळण्याजोगा नाही. पण जीवरक्षक असला तरी त्याला शेकडो माणसांवर लक्ष ठेवायचे असते. आपल्या मुलाकडे बघणारा माणूस आपल्याच घरातला हवा, आणि तो कोण हे पाण्यात पाय टाकण्याआधी ठरलेले हवे.