कॅन्सरची गोळी आणि बारा महिन्यांचा खर्च

पेशीला ‘वाढत राहा’ असा निरोप देणारं प्रथिन बिघडलं की कॅन्सर होऊ शकतो. रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये, सीएमएलमध्ये, हा निरोपच तोडणारी इमॅटिनिब ही गोळी 2001 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. इलाज खरंच मोठा, पण गोळी रोज, बहुतेकांना वर्षानुवर्षं घ्यावी लागते. नोव्हार्टिसची गोळी तेव्हा महिन्याला लाखाच्या पुढे, भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांत. 1 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून ही स्वस्त गोळी टिकली.

2024 च्या बजेटमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या ओसिमर्टिनिबची कस्टम ड्युटी माफ झाली. चांगलंच झालं, पण आमच्या मते खरा भाव चढतो तो पेटंटमुळे. रमजानच्या जकातीतून आपण एखाद्याचं ऑपरेशन करून देतो. या गोळ्यांना मात्र बाराही महिने पैसा लागतो, तेव्हा आपल्या कमिट्यांनी दरमहा मदतीची सोय करावी.