चित्रं चालतात, कागद चालत नाहीत!

"चित्र स्वतःच बोलतं, मग चित्रकाराची पत्रं कशाला उकरत बसायची?" हे वाक्य मी इतक्या जाणत्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे की आज त्याचा समाचार घ्यायचाच असं ठरवलं. वाक्य ऐकायला मोठं रुबाबदार आहे. बोलणाऱ्याला कलेविषयी केवढा आदर, असं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा उपयोग एवढाच, की कागदांचा गठ्ठा दारातून परत पाठवताना मनाला टोचणी लागू नये!

आधी चित्र खरंच बोलतं का ते पाहू. व्हॅन गॉगचं 'बेडरूम' हे चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी निदान कॅलेंडरवर तरी पाहिलं असेल. आर्ल गावातली त्याची खोली, लाकडी पलंग, दोन खुर्च्या आणि निळ्या भिंती. निळ्या? १८८८ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने धाकट्या भावाला, थिओला, पत्र लिहून या चित्रातल्या एकेका वस्तूचा रंग सांगितला, सोबत रेखाटनही काढून दिलं. त्या पत्रात भिंती फिकट जांभळ्या आहेत! काळाच्या ओघात जांभळ्यातला तांबडा रंग उडाला आणि निळा तेवढा मागे राहिला. पुढे रंगांची प्रयोगशाळेत तपासणी झाली तेव्हा पत्र खरं ठरलं. म्हणजे चित्र बोलत होतं, पण अर्धवट बोलत होतं, आणि ते अर्धवट आहे हे सांगायला एक जुना कागद लागला. तो कागद रद्दीत गेला असता तर आपण निळ्या भिंतींवर व्याख्यानं झोडत बसलो असतो.

हा कागद राहिला कसा? तर एका बाईमुळे. १८९० च्या जुलैमध्ये व्हिन्सेंट गेला, सहा महिन्यांत थिओही गेला. मागे राहिली थिओची बायको योहाना, पदरात एक वर्षाचं मूल, घरभर न विकली गेलेली चित्रं आणि पत्रांचे ढीग. पोट भरण्यासाठी तिने खानावळीसारखं बिऱ्हाड चालवलं, पाहुणे ठेवले. पण पत्र एकही टाकलं नाही. बऱ्याच पत्रांवर तारीख नव्हती. मजकुरावरून अंदाज बांधत तिने त्यांचा क्रम लावला आणि १९१४ साली तीन खंडांत ती छापली. तोवर चोवीस वर्षं थांबली, कारण माणसाच्या आयुष्याची चर्चा होण्याआधी चित्रांना मान मिळाला पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं. आज ती पत्रं ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहेत, आणि २००९ पासून सगळी टिपांसकट इंटरनेटवर फुकट वाचता येतात. व्हिन्सेंटने थिओला लिहिलेली साडेसहाशेच्या आसपास पत्रं उरली. थिओने व्हिन्सेंटला लिहिलेली? जेमतेम चाळीस. थिओ पत्रं जपून ठेवायचा, व्हिन्सेंट नाही. जगाला आज दोघा भावांचं संभाषण ऐकू येतं ते एका बाजूनेच.

आता आपल्याकडे या.

आमच्या शाळेत चित्रकलेचे एक मास्तर होते. फार मोठे चित्रकार नव्हते, पण जे. जे.त शिकलेले, आणि त्यांचे वर्गमित्र पुढे नावाजलेले. चाळीस वर्षांचा पत्रव्यवहार त्यांनी एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला होता. कोणी लिहिलंय रंग परवडत नाहीत, कोणी लिहिलंय प्रदर्शनात एकही चित्र गेलं नाही, कोणी फ्रेमवाल्याची उधारी मागतोय. मास्तर गेल्यावर त्यांची मुलगी ती ट्रंक घेऊन एका संग्रहालयात गेली, सोबतीला मी. तिथल्या साहेबांनी वरची दोन पत्रं उचलून पाहिली आणि म्हणाले, "बाई, यात चित्रं असतील तर ठेवून जा. कागदांचं आम्ही काय करणार?" आम्ही ट्रंक रिक्षात घालून परत आलो. माणूस वाईट नव्हता. त्याच्या नोंदवहीत तैलरंग, जलरंग, मूर्ती, नाणी, शस्त्रं असे रकाने होते. पत्र हा रकानाच नव्हता!

हे महाराष्ट्रात व्हावं याचं मला जास्त वैषम्य वाटतं. कागदासाठी वेडं होण्याची परंपरा आपल्याइतकी कोणाची आहे? इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करत वाड्यांमधली दप्तरं धुंडाळत फिरले. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड निघाला, पुढे एकूण बावीस. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. एखाद्या कारकुनाचं हिशेबाचं टिपण सापडलं तरी त्या मंडळींना आनंद व्हायचा. शिलेदाराच्या घोड्याच्या चंदीचा हिशेब इतिहासाचं साधन, आणि चित्रकाराच्या रंगांच्या दुकानाचं बिल मात्र रद्दी, हा न्याय कुठला?

एकच उदाहरण घेतो. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' काढला. त्यांची आणि रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं आमच्या पिढीच्या घराघरांत होती. त्या चित्रांचे विषय कोण सुचवायचं? संपादक काय दुरुस्त्या सांगायचे? एका मुखपृष्ठाचे पैसे किती आणि किती महिन्यांनी मिळायचे? मराठी मध्यमवर्गाची नजर कशी घडली हे ज्याला लिहायचं असेल त्याला याच गोष्टी हव्यात, आणि त्या चित्रात दिसत नाहीत. त्या असतात पोस्टकार्डांत, व्हाउचरांत, संपादकाच्या टेबलाच्या खणात.

उलट, वही हाती आली की काय होतं तेही आपण पाहिलं आहे. प्रभाकर बरवे १९९५ साली गेले. त्यांनी डायऱ्या लिहिल्या होत्या आणि त्या राहिल्या. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा चित्रांसोबत त्या डायऱ्यांची पानंही समोर आली. (उद्घाटनात अमोल पालेकरांना बोलताना अडवलं गेलं, चर्चा त्याचीच झाली आणि डायऱ्या बाजूला पडल्या. असो.) घड्याळ, पान, शिंपला अशी साधी वस्तू घेऊन माणूस किती दिवस विचार करतो हे त्या पानांवरून कळतं.

दुसरा आक्षेप खाजगीपणाचा. यात मात्र तथ्य आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. कुणाचं प्रेम, कुणाचं कर्ज, कुणाचं दारूचं व्यसन चव्हाट्यावर यावं असं कोणत्या मुलाला वाटेल? पण त्यावरचा उपाय काडी लावणं हा नव्हे. अमृता शेरगिल १९३८ मध्ये लग्नासाठी हंगेरीत असताना इकडे आईवडिलांनी तिची पत्रं वाचून जाळली. त्यात जवाहरलाल नेहरूंची पत्रंही होती. वडील उमरावसिंग स्वतः संस्कृतचे व्यासंगी, उत्तम फोटो काढणारे. अडाणी माणूस नव्हे! बातमी कळल्यावर अमृताने दुखावून लिहिलेलं पत्र उरलं आहे. तिने मुंबईच्या कार्ल खंडालावालांना चित्रकलेविषयी लिहिलेली पत्रंही उरली, कारण ती त्यांनी जपली. तिचा भाचा विवान सुंदरम याने २०१० मध्ये तिची पत्रं आणि लेखन दोन जाड खंडांत आणलं. जे जळलं त्यात काय होतं, ते कोण सांगणार?

घरच्यांना भीती वाटते ना? मग गठ्ठा मोहोरबंद करून द्या. वर लिहा, अमुक वर्षं उघडू नये. जगभरच्या दप्तरखान्यांत हे राजरोस चालतं. योहानानेही छापताना काही नावं झाकली, काही मजकूर गाळला. पण मूळ कागद शाबूत ठेवले, म्हणून पुढच्या पिढीला ते पूर्ण छापता आले. शिवाय कायद्याने पत्राचा कागद ज्याला पत्र आलं त्याचा असतो आणि मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. तेव्हा संग्रहालयाला कागद दिले म्हणजे ते उद्या छापून मोकळे होतील ही भीतीही निराधार आहे.

राहिला जागेचा आणि पैशाचा प्रश्न. एका चित्राला लागते त्या भिंतीच्या जागेत शंभर पत्रांची खोकी मावतात, यापलीकडे त्यावर काय बोलू?

पण घ्यायचे तर नीट घ्या. फाटलेल्या पत्राला सेलोटेप लावणारे आणि प्लॅस्टिकचं लॅमिनेशन करून 'जतन केलं' म्हणून फोटो काढून घेणारे महाभाग मी पाहिले आहेत. सेलोटेप पिवळी पडून कागदाला डाग देते आणि लॅमिनेशन एकदा केलं की सोडवता येत नाही. आपल्या दमट हवेत स्टेपलरच्या पिना गंजतात, त्या हलक्या हाताने आधी काढा. आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटांत पत्रं ठेवा. पाकिटं फेकू नका, टपालाच्या शिक्क्यावर तारीख असते. आणि गठ्ठा ज्या क्रमाने सापडला तो क्रम मोडू नका. कोणतं बिल कोणत्या पत्राला टाचलेलं होतं, हीसुद्धा माहिती आहे. "आम्ही सगळं स्कॅन केलंय" म्हणून मूळ कागद रद्दीत घालणाऱ्यांना तर काय म्हणावं! कागदाचा पोत, शाईचा रंग, मागच्या बाजूला पेन्सिलने केलेली बेरीज हे स्कॅनमध्ये नेहमी येतंच असं नाही.

आताचे चित्रकार पत्रं लिहीतच नाहीत, ईमेल आणि व्हॉट्सॲपवर बोलतात. पासवर्ड त्यांच्याबरोबर जातो. म्हणजे शाईने लिहिलेल्या पत्रांची ही शेवटचीच पिढी, आणि त्यांच्या ट्रंका सध्या पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूरच्या, गोव्याच्या घरांत माळ्यांवर आहेत. ती घरं एकामागून एक पुनर्विकासाला चालली आहेत. बिल्डरची नोटीस आली की पहिल्यांदा माळा रिकामा होतो. संग्रहालयांनी आपल्या नोंदवहीत 'पत्रे व खाजगी कागद' हा एक रकाना या वर्षी आखावा, आणि ज्या घरातून चित्र घेतील त्याच घरात माळ्यावर काय आहे तेही विचारावं.